रोटरच्या शाफ्टला बसलेला प्लास्टिकचा वेढा : डेपोशेजारच्या रानांचं काय करायचं?

उभी_आडवी_पाळी

नमस्कार मंडळी.

घरची अडीच एकर आहे, ती करतो आणि उरलेल्या वेळात भाड्याने ट्रॅक्टर चालवतो. नांगरट, पाळी, रोटर, सरी, जे काम येईल ते. गावाचं नाव लिहीत नाही. शहराचा कचरा डेपो आमच्या शिवाराला लागून आहे एवढं सांगितलं तरी पुरे, कारण असं एखादं गाव बहुतेक शहरांच्या कडेला सापडेल.

गेल्या आठवड्यात डेपोच्या भिंतीपासून तिसऱ्या रानात रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारं अवजार, मारत होतो. वीस गुंठे, मेथी-कोथिंबिरीचं रान. एरवी पाऊण तासाचं काम. त्या दिवशी अडीच तास गेले. चार-पाच फेऱ्या झाल्या की रोटरचा आवाज जड व्हायचा. मग थांबायचं, पीटीओ (इंजिनची ताकद रोटरला देणारा दांडा) सोडायचा, रोटर उचलून खाली ओंडका लावायचा, इंजिन बंद करायचं आणि विळा घेऊन शाफ्टला बसलेला वेढा कापायचा. त्यात दुधाच्या पिशव्यांचे कोपरे, गुटख्याच्या पुड्यांच्या माळा, पातळ कॅरीबॅगा, गोण्यांचे धागे, सलाईनची नळी, साडीचा फाटका काठ, सगळं एकमेकांत पिळून आणि मातीत मळून दोरखंडासारखं झालेलं. हात लावला तर कोमट लागतं. धागे सरकत सरकत बेअरिंगकडे जातात आणि ऑइल सील कापतात. या हंगामात दोनदा सील बदललं.

पण इथे चर्चेचा हा धागा काढला तो सीलच्या खर्चासाठी नाही. काम संपल्यावर रानमालक काका बांधावरून म्हणाले, "आता कसं रान स्वच्छ दिसायला लागलं बघ." मी खाली उतरून मूठभर माती हातात घेतली. सकाळी तळहाताएवढी असलेली पिशवी आता नखाएवढ्या तुकड्यांत होती. जे शाफ्टला अडकलं ते मी बाहेर काढलं, पण जे अडकलं नाही ते माझ्या पात्यांनी बारीक करून सहा इंच खोल मिसळून टाकलं. रान स्वच्छ झालं नव्हतं. आता ते कुणाला वेचताही येणार नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दहा वर्षं मी या शिवारात हेच करतोय.

आमच्याकडे हे प्लास्टिक तीन वाटांनी येतं. एक, वैशाखातल्या वावटळी. ढिगावर माती टाकत नाहीत, त्यामुळे वारा सुटला की पिशव्या भिंत ओलांडून बाभळीवर आणि तिथून रानात. दुसरी वाट ओढ्याची. पहिल्या मोठ्या पावसात डेपोतलं काळं पाणी ओढ्याला मिळतं, पूर उतरला की काठच्या रानांत चिंध्यांचा थर बसतो. तिसरी वाट आमच्याच ट्रॉल्यांची. डेपोतलं चाळलेलं खत शेणखतापेक्षा फार स्वस्त पडतं. मी स्वतः त्याच्या कितीतरी ट्रॉल्या ओढल्या आहेत.

जाणकारांना विचारायचंय ते असं. हे तुकडे जमिनीत किती काळ राहतात? पिकाला, मातीला नेमकं काय होतं? आणि एकदा मिसळलेलं परत काढता येतं का?

सुपीक

दादा, तुम्ही जे पाहिलंत ते फार कमी लोक पाहतात. मी माती परीक्षणाच्या कामात आहे, कळतं तेवढं लिहिते.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्याला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. पिशवी उन्हात पडली की अतिनील किरणांनी तिच्या साखळ्या तुटतात, ती ठिसूळ होते आणि हाताने चुरली तरी तुकडे होतात. पण मातीखाली ऊन नाही, हवाही कमी. म्हणून गाडलेला तुकडा कुजत नाही, नुसता पडून राहतो. तो किती वर्षं राहील याचं एकच उत्तर देता येणार नाही. तुमच्या-माझ्या हयातीत मात्र तो जाणार नाही.

काळ्या जमिनीची एक गोष्ट वेगळी आहे, आपण तिच्याकडे सहसा या नजरेने पाहत नाही. ही माती फुगते आणि आटते. उन्हाळ्यात हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. वरचे तुकडे त्या भेगांतून खाली जातात आणि पाऊस झाला की भेग मिटते. म्हणजे नांगर पोचत नाही तिथपर्यंत प्लास्टिक पोचवायचं काम जमीन आपली आपणच करते. गांडुळंही करतात. २०१६ साली नेदरलँड्समध्ये गांडुळांवर झालेल्या प्रयोगांत पालापाचोळ्यात पॉलिथिनचं प्रमाण फार वाढवल्यावर त्यांची वाढ खुंटली, मरतुक वाढली. ती ते कण गिळून बिळांतून खाली नेतात हेही दिसलं.

पिकाचं म्हणाल तर शेतकऱ्याला आधी जाणवतो तो वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा मेळ, बिघडल्याचा. पातळ फिल्मचे तुकडे मातीत आडवे बसले की पाणी एकसारखं मुरत नाही, कुठे चिखल तर कुठे कोरडं. बी तुकड्यावर पडलं तर मूळ आडवं पळतं. २०२० मध्ये गहू आणि लेट्यूसवर प्रयोगशाळेत दिसलं की अतिसूक्ष्म कण मुळांना नवे फाटे फुटतात तिथल्या फटींतून आत शिरतात. म्हणून तुमची मेथी विषारी आहे असा अर्थ लगेच काढू नका. शेतातलं प्रमाण आणि प्रयोगातलं प्रमाण यांत फरक असतो. पण "प्लास्टिक आहे तिथेच पडून राहतं, कुणाचं काय घेतं" असं आता म्हणता येत नाही.

परत काढता येतं का? मोठं असताना येतं. रोटर फिरल्यावर नाही.

हुरडा_आणि_ताक

अहो, एवढं घाबरवू नका. माझी जमीन डेपोपासून दीड किलोमीटरवर आहे. पाच वर्षं तेच चाळलेलं खत घालतोय. ऊस चांगला आहे, कांदा चांगला आहे. शेणखत मिळतं कुठे आता? गोठे राहिले नाहीत. दहा टन शेणखत घ्यायला जाऊन बघा आणि मग आम्हाला शिकवा. सेंद्रिय कर्ब वाढवायचा तर काहीतरी घालायला लागणारच ना? प्लास्टिकचे चार तुकडे दिसतात, ते बायका खुरपताना वेचतात.

सुपीक

दादा, तुमची अडचण खरी आहे आणि ती नाकारण्याचा माझा हेतू नाही. कर्ब हवाच. शहराचा ओला कचरा शेतात यायलाच हवा, नाहीतर तो कुठे जाणार? फक्त तो ओला असतानाच वेगळा होऊन आला पाहिजे.

शहरी कंपोस्टचे निकष खत नियंत्रण आदेशात दिलेले आहेत. सेंद्रिय कर्ब किमान १२ टक्के, शिसं किलोला १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कॅडमियम ५ पेक्षा जास्त नको, पारा ०.१५. आणि कणांच्या आकाराबद्दल अट अशी की किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडला पाहिजे. आता विचार करा. मिश्र कचरा आधी यंत्रात फाडला, मग चाळला, तर ४ मिलिमीटरपेक्षा लहान झालेलं प्लास्टिक चाळणीतून खतासोबतच खाली येतं. चाळणी आकार बघते, पदार्थ बघत नाही. तुमच्याकडे खुरपणाऱ्या बायका वेचतात ते चार तुकडे चाळणीतून चुकून आलेले आहेत. बाकीचे नियमाप्रमाणे आलेत, ते दिसत नाहीत एवढंच.

म्हणून खत घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. कचरा वेगळा करून आणला होता का? आणि जड धातूंचा तपासणी अहवाल आहे का? पहिल्याचं उत्तर "नाही" असेल तर दुसऱ्याची वाट बघू नका.

चाळण

बायोमायनिंगच्या, म्हणजे कचऱ्याचे जुने ढीग उपसून वेगळे करायच्या साइटवर तीन वर्षं काम केलंय, म्हणून लिहितो. जुना ढीग पोखरतात, ओळी लावतात, कुजवणाऱ्या जिवाणूंचं कल्चर फवारतात, उलटतात, वाळला की ट्रॉमेलमध्ये, म्हणजे फिरत्या गोल चाळणीत घालतात. मोठ्या चाळण्यांतून कपडे, पिशव्या, चपला बाजूला निघतात, ते जळाऊ म्हणून सिमेंट कारखान्याच्या भट्टीला जातं. दगड-विटा भरावाला. शेवटच्या बारीक चाळणीतून पडते ती काळी भुसभुशीत माती. दिसायला इतकी सुंदर की शेतकऱ्याचा हात आपोआप तिच्यात जातो.

पण ती माती म्हणजे वीस-तीस वर्षं बॅटऱ्या, रंगाचे डबे, ट्यूबलाइटी आणि पिशव्यांसोबत मुरलेली माती आहे. प्लास्टिक तेवढ्या काळात कुजत नाही, पण वजनाने, उन्हाने, आगीने त्याचा चुरा होतो आणि तो चुरा नेमका याच बारीक मालात येतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. ओला माल चाळणीत गोळे करून बसतो, काहीच नीट वेगळं होत नाही, तरी रोजचा टनाचा आकडा गाठायचा असतो. माझ्या मते जुन्या ढिगातली बारीक माती खाण्याच्या पिकाला घालूच नये. रस्त्याच्या भरावाला, बंद केलेल्या डेपोवर झाकायला, फार तर झाडं लावायला वापरा, तीही तपासून.

२०२१ मध्ये स्वच्छ भारत मिशनचा दुसरा टप्पा आला तेव्हापासून जुने ढीग संपवायचं काम देशभर लागलंय. चांगलंच आहे. पण ढीग संपला म्हणजे तो गेला कुठे, हे विचारणारा माणूस प्रत्येक गावात हवा.

गोठा_क्र_२

पशुवैद्य आहे. सगळ्यांनी माती-पिकाचं लिहिलंय, मी जनावरांचं लिहितो.

डेपोच्या आसपास चरणाऱ्या गाई माझ्याकडे येतात त्या साधारण एकाच तक्रारीने. खात नाही, रवंथ बंद, डावी कूस टणक. कोठीपोटावर मूठ दाबली की कणकेसारखं दबलं पाहिजे, इथे भरलेल्या उशीसारखं लागतं. मागच्या महिन्यात एकीचं पोट उघडलं. कोपरापर्यंत हात घातला आणि पिशव्यांचा असा गोळा हाताला लागला की ओढायला दोन माणसं लागली. गाठी मारलेल्या पिशव्या तशाच होत्या, आत भात वाळलेला. घरातून उरलेलं अन्न पिशवीत घालून गाठ मारून टाकतात, गाईला वास येतो, तिला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. बारा-तेरा वर्षांची म्हातारी गाय नव्हती ती. दुसऱ्या वेताची होती. वाचली.

आणि मातीशी याचा संबंध असा. पोटात अडकत नाहीत ते बारीक तुकडे शेणातून बाहेर पडतात. म्हणजे ज्यांना वाटतं की मी डेपोचं खत घेत नाही, शेणखतच घालतो, त्यांनीही गाय चरते कुठे हे बघावं.

उभी_आडवी_पाळी

डॉक्टरसाहेब, हे डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या आळीतल्या चार घरांची गुरं डेपोच्या फाटक्या कुंपणातून आत जातात. त्यांचंच शेणखत मी स्वतःच्या रानात टाकतो.

पैठण_रोड

आमच्या औरंगाबादची, आताच्या छत्रपती संभाजीनगरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. नारेगावला सुमारे चार दशकं शहराचा कचरा पडत होता. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव, मांडकी आणि आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि "आता एकही ट्रक नाही" म्हणून ठाण मांडून बसले. शहरभर आठवडेच्या आठवडे कचरा साचला. मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा नेऊन टाकायचा प्रयत्न झाला तेव्हा दगडफेक, लाठीमार, जाळपोळ, सगळं झालं. प्रकरण खंडपीठात गेलं. पुढे चिकलठाणा, हर्सूल, पडेगाव, कांचनवाडी अशा चार जागा प्रक्रियेसाठी ठरल्या.

मी तेव्हा शहरात राहत होतो आणि दारातला कचरा उचलला जात नाही म्हणून गावकऱ्यांवर चिडलो होतो. मग एका मित्रासोबत नारेगावच्या बाजूला गेलो. विहिरीत डोकावलो. पाण्यावर चहासारखा रंग आणि त्यावर तवंग. विहिरीच्या मालकाने काही बोलून दाखवलं नाही, फक्त बादली वर काढून माझ्यासमोर ठेवली. त्यानंतर चिडलो नाही.

शहराचा राग महिनाभराचा होता. त्या गावांनी चाळीस वर्षं सोसलं होतं.

तिसरा_मजला

वाचते आहे. सकाळपासून अस्वस्थ आहे. मी पुण्यात राहते. ओला-सुका वेगळा करते, पण कोथिंबिरीची जुडी पिशवीत येते आणि खराब झाली की पिशवीसकट ओल्यात जाते, हे आज पहिल्यांदा जाणवलं. गाठ मारलेली भाताची पिशवीही टाकली आहे मी. कुणाकडे बोट दाखवत नाही, स्वतःचंच सांगते आहे.

प्रश्न असा की आम्ही वेगळं करून दिलं तरी गाडीत ते एकत्रच होतं असं सगळे म्हणतात. मग उपयोग काय?

वेचक

ताई, उपयोग आहे. मी कचरावेचकांच्या संघटनेशी बऱ्याच वर्षांपासून जोडलेली आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. दारात येणारी बाई सुका कचरा हाताने निवडते, तेव्हा विकण्याजोगं प्लास्टिक त्याच दिवशी भंगाराच्या दुकानात पोचतं. ते डेपोत जातच नाही. पण ओल्यात बुडालेली पिशवी तिलाही निवडता येत नाही आणि भंगारवालाही घेत नाही.

भाव कशाला मिळतो आणि कशाला नाही, हे या धाग्यात सगळ्यांनी लक्षात घ्यावं. पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, दुधाची धुतलेली पिशवी यांना भाव आहे, म्हणून डेपोच्या ढिगातही त्या फार दिसत नाहीत. चकचकीत वेफरची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, मातीने भरलेली पातळ पिशवी यांना भाव नाही. दादांच्या शाफ्टला गुंडाळलेलं बहुतेक याच जातीचं आहे. कुणी वेचत नाही तेच वाऱ्यावर जातं.

महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे, आणि १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग २०२२ च्या अखेरीपासून चालत नाही. तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मिळतेच. आणि गुटख्याची पुडी? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. दादांच्या रानात तिच्या माळा निघतात.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीत राहतो, मूळचा सांगलीचा. इथे सेंद्रिय कचऱ्याचा वेगळा डबा असतो आणि त्यात पिशवी दिसली तर गाडीवाला तो डबा न उचलता चिठ्ठी लावून जातो. तरीही इथल्या कंपोस्टमध्ये प्लास्टिक निघतं, म्हणून ते किती चालेल याचा आकडाच कायद्यात आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या खत नियमावलीत दोन मिलिमीटरपेक्षा मोठं प्लास्टिक किलोमागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त नको असं म्हटलंय, आणि १६ जुलै २०२६ पासून ती मर्यादा अडीच ग्रॅमची. आपल्याकडे शिशाचा आकडा आहे, पाऱ्याचा आहे, तसा प्लास्टिकचाही हवा. निदान मागणी तरी नेमकी करता येईल.

टोमॅटो_बागायत

एक गोष्ट आपणच कबूल केली पाहिजे. सगळं प्लास्टिक डेपोतून येत नाही. माझ्याकडे दरवर्षी दोन एकरांवर मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यांवर अंथरायचा प्लास्टिकचा कागद असतो, पंचवीस मायक्रॉनचा. पीक निघालं की तो ओढून काढताना चिंध्या होतात, कडा मातीतच राहतात. ठिबकच्या जुन्या नळ्यांचे तुकडे, खताच्या गोण्यांचे धागे, रोपांचे ट्रे. मजूर मिळत नाहीत म्हणून सरळ रोटर घालतो. बांधावर पेटवूनही दिलंय, खोटं कशाला बोलू.

सुपीक

हे लिहिल्याबद्दल आभार. पेटवू मात्र नका. नळ्यांत, गोण्यांत, पेपरमध्ये काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही. अर्धवट जळलेलं प्लास्टिक वितळून खड्यांसारखं मातीला चिकटतं आणि पीव्हीसी असेल तर धुरातून डायऑक्सिन निघतं. पेपर काढायचा तर माती कोरडी असताना, आधी कडांवरची माती मोकळी करून मग गुंडाळत जायचं.

आणि धागाकर्त्या दादांसाठी एक घरची तपासणी सांगते. प्रयोगशाळेत यासाठी मोठी यंत्रं असतात, पण अंदाज बरणीतही येतो. रानातल्या चार-पाच जागांची वरची माती घ्या, उन्हात वाळवा, ढेकळं हलक्या हाताने फोडा. एक लिटर पाण्यात साधारण ३६० ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे मीठ आणखी विरघळत नाही इतकं. काचेच्या बरणीत मूठभर माती, वर हे पाणी, चमच्याने ढवळून रात्रभर ठेवा. मिठामुळे चिकणमातीचे कण एकमेकांना धरतात आणि तळाशी बसतात, नुसत्या पाण्यात काळी माती दिवसभर गढूळ राहिली असती. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन वर तरंगतं. सकाळी वरचं पाणी पातळ मलमलीतून गाळा. काडीकचरा, मुळंही वर येतात, म्हणून सुई तापवून तुकड्याला लावा. प्लास्टिक आकसतं, वितळतं. काडी नुसती करपते. बाटलीचं प्लास्टिक आणि पीव्हीसी जड असतं, ते बुडतं, म्हणजे जे दिसेल ते खऱ्यापेक्षा कमीच. मिठाचं पाणी रानात ओतू नका.

हुरडा_आणि_ताक

मीही करून बघतो.

उभी_आडवी_पाळी

उशीर झाला लिहायला, आठ दिवस गेले.

चार बरण्या भरल्या. पहिली भिंतीला लागून असलेल्या पडीक जागेतली, दुसरी मेथीच्या रानातली, तिसरी ओढ्याकाठची, चौथी माझ्या स्वतःच्या रानातली. माझं रान डेपोपासून लांब आहे, वारा तिथे पोचत नाही, ओढाही नाही. चौथी बरणी मी नुसती ताडून बघायला ठेवली होती, ती साफ निघेल म्हणून.

सकाळी पोरीला उठवून सोबत घेतलं. भिंतीजवळच्या बरणीत मोठे तुकडे होते, पण मोजता येण्यासारखे. ओढ्याकाठच्या बरणीत धागेच धागे, गोणीचे, निळे-पांढरे. मेथीच्या रानातल्या बरणीत वरचं पाणी बारीक कणांनी भरलेलं, ज्वारीचा कोंडा पाण्यावर तरंगावा तसं. आणि माझी बरणीही तशीच. सुई लावली की एकेक कण आकसून टिंब व्हायचा. पोरगी म्हणाली, "पप्पा, हे आपलंय?" होय म्हणालो. तीन वर्षांपूर्वी मीच ओढलेल्या सहा ट्रॉल्या आहेत त्या.

भिंतीपासून सगळ्यात लांबचं रान, आणि भिंतीलगतच्या पडीक जागेपेक्षा बारीक प्लास्टिक तिथे जास्त. कारण भिंतीलगत कधी रोटर फिरला नाही आणि तिथे कुणी विकतचं खत टाकलं नाही.

बरण्या झाकण लावून ग्रामसभेत नेल्या. सुरुवातीला लोक पाणी आणि घरकुलाचंच बोलत होते, तेही बरोबरच आहे. मग बरण्या हातोहात फिरल्या. मेथीवाले काका दुसऱ्या नंबरची बरणी बराच वेळ उजेडाकडे धरून बसले. ठराव झाला तो असा. डेपोचं चाळलेलं खत तपासणी अहवाल आणि वेगळ्या केलेल्या ओल्या कचऱ्याची खात्री असल्याशिवाय गावात कुणी उतरवून घ्यायचं नाही. डेपोच्या ढिगावर रोज मातीचा थर आणि ओढ्याच्या बाजूला जाळी, याची लेखी मागणी. आणि रानं वेचायची मजुरी पालिकेने द्यावी. शेवटच्या मुद्द्यावर हसणारे होते, पण वीस गुंठे वेचायला चार बायकांचा पूर्ण दिवस जातो. ती मजुरी कुणाच्या कचऱ्याची आहे?

सातबारा

दादा, ठरावात एक ओळ वाढवा. घनकचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये भरावभूमीची, म्हणजे कचरा पुरायची जागा नदीपासून १०० मीटर आणि तळं, वस्ती, पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब असावी असं होतं. तुमच्या विहिरी मोजून अंतरं लिहा. नुसतं "त्रास होतो" लिहिलेल्या अर्जाला उत्तर येत नाही, अंतर लिहिलेल्या अर्जाला द्यावं लागतं. आणि वेचलेलं प्लास्टिक कुठे द्यायचं म्हणाल तर स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लास्टिक व्यवस्थापन केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत तरतूद होती. गटविकास अधिकाऱ्यांना विचारा, तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे आणि मातीने भरलेलं प्लास्टिक घेतात का.

वेचक

घेताना नखरे करतील. सुकवून, झटकून, गोण्यांत दाबून न्या. ओलं आणि मातीसकट नेलंत तर परत पाठवतील.

हुरडा_आणि_ताक

बरणी केली. कांद्याच्या रानातली. जास्त लिहीत नाही. यंदा ताग करतोय, हिरवळीचं खत. पंचेचाळीस दिवसांत गाडता येतो. बियाणं कुणाला हवं असेल तर कळवा.

उभी_आडवी_पाळी

दादा, मला दहा किलो हवं आहे, माझ्याच रानासाठी.

सातबारा यांनी सांगितल्याप्रमाणे काल टेप घेऊन तीन विहिरींचं अंतर मोजलं. तिन्ही दोनशेच्या आत. अर्जात लिहिलं, पोच घेतली.

माझ्यापुरतं एक ठरवलंय. वेचल्याशिवाय कुठल्याही रानात रोटर लावायचा नाही. आधी मोगडा (माती उकरणारं दात्यांचं अवजार), मग कोरड्यात दंताळं ओढायचं, बायका मागून वेचत येतील, आणि रोटर सगळ्यात शेवटी. दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या ट्रॅक्टरकडे गेली. मेथीवाले काका मात्र थांबले. त्यांच्या उरलेल्या तीस गुंठ्यांतून सोमवारी सात गोण्या निघाल्या. गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवल्यात. तालुक्याच्या केंद्रातून अजून हो किंवा नाही आलेलं नाही.

उद्या ओढ्याकाठचं रान. सहाला सुरुवात, ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं. मृगाला बारा दिवस आहेत.